पाठमोऱ्या भिक्खूचा चेहरा मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
पर्यटन प्रसिद्धी कार्यालय,
छायाचित्र शाखा, दुसरा मजला
(ज्या खोलीतला पंखा फक्त साहेबांच्या अंगावर वारा घालतो ती)

विषय : माझे थोरले बंधू, विहारातील वृद्ध भिक्खू, हरवले असल्याने आपल्या स्पर्धेत आलेल्या एका छायाचित्राची मूळ, न कापलेली प्रत तातडीने मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज. २) आपले उत्तर, ‘अर्ज योग्य त्या शाखेकडे पाठवण्यात आला आहे.’ ३) ती योग्य शाखा आपलीच असल्याचे आपल्या शिपायाने मला तोंडी कळवले.

महोदय,

१. मी विहाराच्या फाटकासमोर फोटो स्टुडिओ चालवतो. ओळखपत्र, परवाना, परीक्षेचे प्रवेशपत्र यांना लागणारे फोटो काढणे हा माझा धंदा. पार्श्वभूमी पांढरी, नजर समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत. या कामाला आपल्या कार्यालयात कला म्हणत नाहीत, याची मला कल्पना आहे. मागे आपल्याच छायाचित्र शाखेच्या प्रमुखांना ओळखपत्रासाठी माझ्या स्टुलावर बसावे लागले होते, तेव्हा ‘जरा कलात्मक येऊ द्या’ अशी त्यांनी सूचना केली होती. मी ती ऐकली नाही. ऐकली असती तर त्यांना त्यांच्याच कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने अडवले असते.

२. माझे थोरले बंधू मिसरूड फुटायच्या वयात विहारात गेले. आता त्यांचे वय झाले आहे. सकाळची भिक्षाफेरी आणि जेवण आटोपले की दुपारी ते माझ्या दुकानात येऊन बसत. चारचौघांत मी त्यांना भन्ते म्हणतो, दुकानात गिऱ्हाईक नसेल तर दादा. बसायला कोपऱ्यात खुर्ची आहे, पण ते येऊन उभे राहत ते नेमके दिवा आणि स्टूल यांच्या मधोमध. मग मी म्हणायचो, ‘दादा, उजेड सोड जरा,’ आणि ते काही न बोलता बाजूला सरकत. मी फोटो कापत बसलो की एकेक उचलून विचारत, ‘हा माणूस कुणावर चिडलाय?’ मी सांगायचो, ‘कुणावर नाही, तसा नियम आहे.’ त्यावर म्हणायचे, ‘अवघड आहे रे तुमचं. त्यापेक्षा आमचे नियम बरे.’

अलीकडे त्यांचे विसरणे फार वाढले होते. मला वडिलांच्या नावाने हाक मारत. एकदा तर, मीच थोरला आणि ते धाकटे, असा हट्ट धरून बसले, आणि संध्याकाळपर्यंत मी तो चालवून घेतला. गेल्या पंधरवड्यात एका दुपारी ते माझ्या दुकानातून उठले ते विहारात पोहोचलेच नाहीत. मध्ये फक्त एक रस्ता आहे. त्यांचे भिक्षापात्र माझ्या काउंटरवर राहिले.

३. हे पात्र राहिले ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या गुळगुळीत कागदावरच्या माहितीपुस्तिकेत ‘भिक्खू दारोदार भीक मागतात’ असे छापले आहे. ते साफ चूक आहे. भिक्खू मागत नाही. तो पात्र घेऊन दारासमोर गप्प उभा राहतो. हाक नाही, खूण नाही, नजर पात्रावर. घरातल्यांनी घातले तर घेतो, नाही घातले तर थोडा वेळ थांबून पुढच्या दाराला जातो. मध्यान्हीनंतर अन्न घेत नाही. माझे बंधू बाकी सारे विसरले तरी हे विसरणार नाहीत, आणि मला धास्ती आहे ती त्याचीच. पात्र नसलेला म्हातारा दारात गप्प उभा राहिला, तर लोकांना वाटते पत्ता विचारायला आलाय, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. म्हणजे कोणी वाढणार नाही आणि ते मागणार नाहीत. आपण दुपारचा डबा उघडाल तेव्हा एवढे वाक्य पुन्हा वाचावे, ही विनंती.

४. पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी पहिल्यांदा फोटो मागितला. चेहरा समोरून आणि अलीकडचा. माझ्याजवळ दादांचा एकच फोटो निघाला, तोही त्यांच्या भुवया काळ्याभोर होत्या तेव्हाचा. ज्या माणसाला रोज दिव्यापुढून बाजूला केले, त्याचा एक फोटो काढावा हे मला कधी सुचले नाही. दिव्याखाली अंधार, असे आपण म्हणण्याआधी मीच लिहून मोकळा होतो. हवालदारांनी फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अहो, हे तर तुम्हीच आहात!’ आम्हा भावांचे तोंडवळे लहानपणापासून सारखे. पण भाऊ शोधायला गेलेल्या माणसाला हे ऐकून काय करायचे असते, ते मला माहीत नाही.

५. तेव्हा मला आपल्या कार्यालयाची आठवण झाली. कारण या शहरात माझ्या बंधूंइतके फोटो कोणाचेच निघालेले नाहीत. आपण दर हंगामात ‘विहार दर्शन छायाचित्रण सहली’ काढता. बस भरभरून माणसे येतात. अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटे, गळ्यात हातभर लांब लेन्स, नाकापेक्षा मोती जड. त्यांची बस उशिरा आली की आपला मार्गदर्शक विहारात येऊन सांगतो, भिक्षाफेरी पुन्हा एकदा काढा. झाली फेरी पुन्हा कशी काढणार? तर रिकामी पात्रे घेऊन नुसते चाला म्हणे. आणि ते बिचारे चालतात, कारण पाहुण्याला दुखवायचे नाही असे त्यांना शिकवले आहे. आपल्या लोकांना तसे काही शिकवलेले दिसत नाही.

प्रार्थनेच्या दालनात खिडकीतून येणारे किरण नीट दिसावेत म्हणून हे लोक कोपऱ्यात ओले गवत पेटवतात. मागल्या वर्षीचे आपले बक्षीसपात्र चित्र, ‘ध्यानमग्न’, आपल्या जिन्यात टांगले आहे. त्यातले भिक्खू ध्यान करत नाहीत. ते खोकला दाबून बसले आहेत. स्वयंपाकघरातली प्लास्टिकची बादली फोटोत आली तर चालत नाही, म्हणून मार्गदर्शक बसमधून पितळी हंडा आणतो आणि जाताना परत नेतो. एका तुकडीला भिक्खूच्या हातातला मोबाइल खुपतो. दुसरी तुकडी खिशातला मोबाइल मुद्दाम हातात धरायला लावते आणि त्याला ‘परंपरा आणि आधुनिकता’ म्हणते. चीवरे वाळत घालायची दोरी तर गेल्या हंगामात तुमच्या लोकांनी इतक्यांदा सोडली आणि बांधली, की शेवटी भिक्खूंनी ओलीच चीवरे अंगावर घेतली.

आणि एवढा खटाटोप करून फोटो काढायचा तो पाठीचा. तुमच्या एका नामांकित छायाचित्रकाराला मी एकदा सरळ विचारले, साहेब, यांना तोंड असते, ते कधी काढणार? ते माझ्याकडे कीव येऊन पाहत म्हणाले, ‘चेहरा आला की तो कुणातरी एकाचा फोटो होतो.’ मी म्हटले, मग तो कुणाचा व्हायला हवा? त्यावर त्यांनी लेन्स पुसायला घेतली.

६. तरीही मोठ्या आशेने मी आपल्याकडे पहिला अर्ज केला. बरेच खेटे घातल्यावर आपल्या संग्रहातून माझ्या बंधूंची म्हणून काही चित्रे मिळाली. त्यांचा तपशील असा. ‘मौन’ : पाठ. ‘विरक्ती’ : पाठ, छत्रीसह. ‘वाट’ : पाठ लहान, वाट पुष्कळ. ‘अंतर्मुख’ हे नाव वाचून मी घाईने उघडले, पाठ. ‘अनित्य’ : दोन तळपाय, तेही दादांचे नव्हेत, दादांच्या टाचेला भेग आहे. एका चित्रात चेहरा होता, पण तो धुरात होता. शितावरून भाताची परीक्षा करायची तर आपल्या अख्ख्या भांड्यात एक शीतही शिजलेले नाही.

बसस्थानकाबाहेर आपला मोठा फलक आहे, त्यावरही माझेच बंधू आहेत, धुक्यात पाठमोरे चाललेले. खाली लिहिले आहे, ‘या, इथे हरवून जा.’ आजवर आपल्या कार्यालयाची एवढी एकच सूचना कोणी तंतोतंत पाळली असेल.

७. चेहरा मिळेना, म्हणून चौकीने नाइलाजाने आपल्याच ‘मौन’ या चित्रावरून हरवल्याची सूचना छापली. वर ‘आपण यांना पाहिलेत का?’ आणि खाली एक चकचकीत टाळू. त्यानंतर चौकीत जे चालले ते पाहून मला हसू यायला हवे होते. परगावाहून आलेल्या एका भिक्खूला लोक धरून घेऊन आले. हवालदारांनी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि सूचनेशी पडताळून पाहिले. पाठ जुळली. ते परोपरीने सांगत होते की मी हरवलेलो नाही, मी इथे प्रवचनाला आलोय. पण तोंड भिंतीकडे असल्यामुळे ते कोणाला नीट ऐकू येत नव्हते. पुढे एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक पैलवान यांच्याही पाठी जुळल्या.

८. शेवटी मी स्वतःच न्हाव्याकडे जाऊन डोके तासून घेतले. भुवयांना पांढरी पावडर लावली, गाल आत ओढले आणि माझ्याच स्टुलावर बसून, नजर समोर ठेवून, दोन्ही कान दाखवून फोटो काढला. चीवर अंगावर घेतले नाही, तेवढी मर्यादा मला कळते. माझी पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आता तुम्हीपण निघालात का?’ फोटो मात्र उत्तम आला. इतका उत्तम, की कापताना माझाच हात थांबला. तो चौकीत दिला, तर हवालदार म्हणाले, हरवलेल्याच्या जागी न हरवलेल्याचा फोटो छापता येत नाही, नियमात बसत नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असेही म्हणाले. ते खरेच होते, म्हणून मी वाद घातला नाही. पाठमोऱ्या सूचनांचा गठ्ठा घेतला, खळीचा डबा घेतला आणि शहरभर बसथांब्यांच्या काचांवर त्या चिकटवत फिरलो.

९. आता प्रस्तुत अर्जाचे खरे कारण. काल मी आपल्या कार्यालयात माझ्या अर्जाचे काय झाले हे विचारायला आलो होतो. अर्जाचे काहीच झाले नव्हते, म्हणून रांगेत उभा होतो. तिथेच भिंतीवर यंदाच्या स्पर्धेच्या पहिल्या निवडीतली चित्रे लावली आहेत. त्यातल्या एकाचे नाव ‘शोध’. खाली ओळ आहे, ‘एक भिक्खू सूचनाफलकासमोर चिंतनात.’ तो भिक्खू म्हणजे मी. तासलेले डोके, पाठ कॅमेऱ्याकडे, समोर थांब्याची काच, काचेवर मी चिकटवत असलेली सूचना आणि सूचनेत दादांची पाठ. म्हणजे एका चित्रात दोन पाठी. आपल्या परीक्षकांना आनंदाचे भरते आले असणार, यात नवल नाही.

पण महोदय, काचेच्या पलीकडे, माझ्या समोरच्या बाजूला, सूचनेच्या कडेशी कोणीतरी उभे आहे. मी खिशातले भिंग काढून पाहिले. (‘हात लावू नका’ असे शिपाई ओरडला, मी हात लावला नव्हता, नाक लावले होते.) चीवराचा रंग आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला आहे. लहानपणी झाडावरून पडले तेव्हापासून दादांचा तो तसाच आहे. दोन्ही हात पोटाशी धरलेले, मधे काहीतरी गोल असल्यासारखे. मधे काही नाही. तोंड अर्धे सूचनेच्या कागदाआड गेले आहे, आणि उरलेले अर्धे धूसर आहे. हा धूसरपणा लेन्सचा नव्हे, मागाहून संगणकावर केलेला आहे. त्यात माझ्या कोपराची कडाही खाल्ली गेली आहे, आणि अशा कडा ओळखणे हा माझा धंदा आहे. म्हणजे मूळ चित्रात ते अर्धे तोंड स्वच्छ असणार. थांब्याचे नाव असलेली वरची पट्टीही कापून टाकली आहे, कारण अक्षरांनी शांतता बिघडते. परीक्षकांचा प्राथमिक शेरा बाजूला डकवलेला आहे, ‘पार्श्वभूमीतील रंगाचा ठिपका विशेष समर्पक.’

तो ठिपका माझा थोरला भाऊ आहे.

१०. मी खिडकीवर विचारले, हे चित्र कोणी काढले, कुठल्या थांब्यावर काढले, एवढेच सांगा. आपल्या लिपिकाने सांगितले की स्पर्धकांची नावे निकालापर्यंत सीलबंद असतात. मी म्हटले, पाकीट फोडा. ते म्हणाले, त्यासाठी परीक्षक समितीची बैठक लागते आणि समितीचे अध्यक्ष सहलीवर गेले आहेत. मी म्हटले, अहो, चित्रात मी आहे. ते म्हणाले, ‘तुम्ही विषय आहात. विषयाला अर्ज करता येत नाही, फक्त स्पर्धकाला येतो.’ मी विचारले, आणि ठिपक्याला? त्यावर त्यांनी खिडकी बंद केली. बाहेर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी होती. मला दादांची आठवण झाली आणि तुमच्या त्या पाटीचा जन्मात कधी केला नव्हता इतका राग आला.

११. आपण विचाराल, समोर सख्खा भाऊ उभा असताना तुम्हाला कसा दिसला नाही? हा प्रश्न आपण विचारायची गरज नाही. मी कालपासून दुसरे काही विचारलेले नाही. काच खळीने माखली होती. कागदाला सुरकुती पडू नये म्हणून माझे सगळे लक्ष चार कोपऱ्यांकडे होते. सवयच तशी. पलीकडे कोणीतरी उभे आहे, बसची वाट पाहत असेल, एवढे जाणवले असणार, कारण चित्रात माझा डावा हात वर आहे, पंजा बाहेरच्या बाजूला झटकलेला. आपल्या परीक्षकांनी त्याला ‘आशीर्वादाची मुद्रा’ म्हटले आहे. ती मुद्रा नाही. गिऱ्हाईकाला बाजूला करताना माझा हात तसा होतो. त्या वेळी मी काय म्हटले असेल ते मला माहीत आहे. उजेड सोडा जरा. हे वाक्य मी दिवसभरात इतक्यांना म्हणतो, की ते कुठल्या थांब्यावर म्हटले ते कितीही डोके खाजवले तरी आठवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

ते ओळखीच्या माणसाच्या दारी आल्यासारखे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नियमाप्रमाणे बोलले नाहीत. मी त्यांना बाजूला केले, आणि ते बाजूला झाले.

१२. तरी नम्र विनंती की, स्पर्धकाला आजच फोन करून थांब्याचे नाव विचारावे आणि मूळ चित्राची प्रत मला द्यावी. ‘शोध’ला खुशाल पहिले बक्षीस द्यावे. वाटल्यास ते पुढच्या वर्षीच्या फलकावर छापावे, माझी पाठ मी आपल्याला विनामूल्य देतो. समितीचा मान, पाकिटाचे सील, स्पर्धेची प्रतिष्ठा, सगळे सांभाळून ठेवावे; या वस्तू भुकेने मरत नाहीत. मला फक्त एक थांबा हवा आहे. तिथून पुढे मी दारोदार विचारत जाईन. ते मागत नाहीत, पण मी मागू शकतो.

लेखी उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ माझ्याजवळ नाही. म्हणून उद्या कार्यालय उघडताच मी आपल्या खिडकीसमोर दादांचे पात्र घेऊन उभा राहीन. बोलणार नाही, कोणाकडे पाहणार नाही. आपण थांब्याचे नाव एका कागदावर लिहून त्यात टाकावे. नाही टाकले, तर भिक्खू पुढच्या दाराला जातो. मी भिक्खू नाही. मी तिथेच उभा राहीन.

या अर्जापुरता आपला नम्र,
(सही)
फोटो स्टुडिओवाला, विहाराच्या फाटकासमोर

दिनांक : आपली खिडकी उघडी सापडेल तो

सोबत :
१) हरवल्याची सूचना, पाठमोरी.
२) अर्जदाराचा समोरून काढलेला फोटो, तासलेल्या डोक्याचा. दादा कसे दिसतात हे कळावे म्हणून. दोन्ही कान दिसत आहेत.
३) भिक्षापात्र जोडलेले नाही. ते उद्या समक्ष.